नववा प्रश्न

"बंद दाराची मला भीती वाटत नाही, दार उघडून जो हसत 'या, या' म्हणतो ना, त्याची वाटते," असं ती एकदा म्हणाली होती.

वस्तीत तिला कुणी नावानं हाक मारत नसे. विचारपूसबाई, बस्स. खांद्याला पिशवी, पिशवीत छापील तक्ते, आणि आठ वर्षं घरोघर तेच नऊ प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा. तो विचारताना घरच्यांना बाहेर पाठवायचं, असा तिला नेमणाऱ्या आरोग्यसंस्थेचा दंडक. 'नाही' आलं की सुटल्यासारखं वाटे. 'हो' आलं तर चिठ्ठी लिहून दवाखान्यात पाठवायचं. पण चिठ्ठी लिहीपर्यंत त्या माणसाशी काय बोलायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून तर तिला शिकायचं होतं. वस्तीत फिरणाऱ्या एकीला संस्था पहिल्यांदाच दोन वर्षं भरपगारी समुपदेशन शिकायला पाठवणार होती. जागा एकच.

मुलाखतीच्या सकाळी तिनं ताट बाजूला सारलं.

"अगं, शाळेत दोनदा आपटलेली बायको मी डोळे उघडे ठेवून केली," नवरा म्हणाला. "तिसऱ्यांदा आपटलीस तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"गप्प बसा हो. हात बघा कसे गार पडलेत."

"मग मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंना लांबूनच नमस्कार कर."

ती पिशवी घेऊन निघाली.

टेबलापलीकडे डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. "अलीकडची एखादी भेट सांगा."

हाताला लागला तो तक्ता तिनं काढून टेबलावर ठेवला. बेकरीतला भट्टीवाला. परवाचीच भेट.

"नवव्यासमोर 'नाही'ची खूण आहे. काय म्हणाला तो?"

नवव्यावर तो काहीच म्हणाला नव्हता. त्याचा भाऊ शेजारीच ठाण मांडून बसला होता. त्याला ऊठ म्हणायला तिची जीभ रेटली नव्हती. भट्टीवाला हसून म्हणाला होता, "आमचं काय बाई, पावासारखे फुगतो आहोत!" आणि तिनं न विचारताच खूण केली होती. आता नुसतं 'नाही म्हणाला' म्हटलं असतं, तरी भागलं असतं.

"मी विचारलंच नाही," ती म्हणाली. "भाऊ समोर होता. आणि खरं सांगू? तो 'हो' म्हणेल, याचीच भीती वाटली."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आत्ता कुठे असेल तो?"

"घरी. भट्टी रात्रीची असते. भाऊ सकाळपाळीला जातो. एकटाच—" ती थबकली. परवा भावाच्या मनगटावर भट्टीवाल्याचं नेहमीचं घड्याळ होतं. माणूस जपलेल्या वस्तू देऊन टाकू लागला की सावध व्हायचं, हे तिला पहिल्याच शिबिरात शिकवलं होतं. ते तिनं पाहिलं होतं आणि नजरेआड केलं होतं. तिनं ते कसंबसं सांगितलं.

"मी लगेच कुणाला तरी पाठवते," डॉक्टरीणबाई फोनकडे हात नेत म्हणाल्या. "तुम्ही बसा. निवडलेलं नाव आज दुपारीच वर कळवायचं आहे. अर्धवट मुलाखत मला धरता येणार नाही."

नवखं कुणी गेलं की तो दार उघडून पुन्हा हसेल, 'या, या' म्हणेल. तिनं तक्ता टेबलावरच राहू दिला, पिशवी खांद्याला अडकवली, आणि ती भट्टीवाल्याच्या घराकडे निघाली.