जहाजावर भरवलेला दहीभात

लेकीनं आम्हा दोघांना पांढुर्ण्याहून मुंबईला बोलावलं आणि स्वतःसोबत गोव्याच्या जहाजावर चढवलं. चढायच्या आधी ती मोबाईलवर फॉर्म भरून राहिली होती.

"आई, मागच्या तीन दिवसांत कोणाले उलटी, जुलाब?"

"नाही वं," मी म्हटलं.

खरं तर लोधीखेड्याच्या लग्नात जेवून आल्यापासून ह्यांचं पोट बिघडलेलंच होतं. पण आमच्याकडे प्रवासाला निघताना आजाराचं नाव तोंडातून काढत नाहीत. म्हणून ह्यांनाही मी डोळ्यानंच दटावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना उलटी झाली. बस लागते तसं जहाज लागलं असेल, म्हटलं. ओवा दिला, टॉवेलनं फरशी पुसली, हात नुसते नळाखाली धरले आणि नाश्त्याला गेले. तिथं शेजारच्या खोलीतली वर्षभराची पोर आईच्या हातून घास घेईना. मी दहीभात कालवून भरवला. पोरगी माझी बोटं चाटून चाटून जेवली.

तेवढ्यात स्पीकरवर हिंदीत सांगू लागले: उलटी-जुलाब होत असतील तर लगेच कळवा, हा आजार हातांवाटे पसरतो, साबणानं हात धुवा.

माझ्या बोटांना अजून दही होतं. काचेबाहेर जिकडेतिकडे पाणी. त्या लेकराला काही झालं तर घेऊन पळायचं कुठं?

लेकीला सांगितलं. ती रडवेली झाली. "काहून लपवलं तू?"

"निघताना कसं बोलू, माय?"

"मग आता बोल. डॉक्टरपुढं बोल!"

डॉक्टर मास्क, हातमोजे घालून आले. त्रास कधीपासून, कशाकशाला हात लावला, सगळं विचारलं. टॉवेल पिशवीत बंद करून नेला. आम्हाला खोलीबाहेर पडायची मनाई झाली.

"आणि ती पोर?"

"दो दिन नज़र रखनी पड़ेगी, माँजी."

ह्यांना मी मीठ-साखरेचं पाणी पाजत होते. हे म्हणाले, "मी बरा आहो आता. तू बस ना जराशी." कशी बसू? दुपारी भिंतीपलीकडून पोरीचं रडणं आलं. कान लावला. भुकेचं की दुखण्याचं, काही उमगेना. दाराशी गेले, कडीला हात घातला, ती वाजली.

"आजी," बाहेरून तिच्या आईचा आवाज आला, "सध्या तरी ठीक आहे ती. पण तुम्ही दार उघडू नका हो."

मी कडीवरचा हात काढला. दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि तिथंच दाराशी खाली बसले.