उसाच्या भिंतींमधला वेग

लासुर्णे आणि अंथुर्णे यांच्या मधल्या सरळ रस्त्यावर फेब्रुवारीतल्या एका सकाळी पिकअपची धडक तात्यांच्या हातातल्या भेंडीच्या क्रेटला बसली. क्रेट फुटली. तात्या वाचले. त्यांचं भाजीचं रान रस्त्यापलीकडे आहे, रोज रस्ता ओलांडावा लागतो.

मी रस्ता सुरक्षा इंजिनिअर. वाहनाचा वेग सांगणारी स्पीड गन घेऊन कडेला उभी होते. आदल्या आठवड्यातही तिथंच होते. तेव्हा दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस होता आणि हीच पिकअप पन्नासच्या आत होती. ऊस कालच तुटून संपला. आज गननं सत्तर दाखवले.

पिकअपचा ड्रायव्हर, कन्हेरीचा, खाली उतरला.

"म्याडम, आईशपथ, रोजच्यापेक्षा जास्त न्हाय पळवली."

"काटा बघितला होतास?"

"रोजच्या रस्त्याला काटा कोण बघतंय?"

तात्या भेंडी गोळा करत म्हणाले, "खोटं न्हाय बोलत त्यो. गाडी त्या खांबापाशी असली की मी पाय टाकतो. रोज पलीकडं पोचतो. आज गाडीच आधी आली."

दुपारपर्यंत मी वेग मोजत राहिले. सगळ्याच वाहनांचा वेग वाढलेला. थांबवलेला प्रत्येक जण शांतपणे म्हणाला, नेहमीचाच वेग आहे. कुणी खोटं बोलत नव्हतं. सगळे बदलले होते आणि एकालाही ते ठाऊक नव्हतं.

कारण साधं आहे. जवळच्या गोष्टी डोळ्यांच्या कडेनं झपाट्यानं मागं सरकल्या, की वेग जास्त वाटतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप ढिला पडतो. रान मोकळं झालं, की तोच पाय दाबला जातो. माणसाला विचारलं जात नाही.

माझ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ऊस गेला, लांबचं दिसायला लागलं. रस्ता उलट सेफ झाला की!"

"कागदावर, सर. तात्या उद्या परत ओलांडणार आहेत."

"गतिरोधकाला मंजुरी लागते. उद्या कुठून आणू?"

"तोवर दोन्ही कडांना हिरवी शेडनेट बांधू? बांबूवर, उसाच्या उंचीची."

"रस्त्याला मांडव घालताय?" मग तेच म्हणाले, "घाला. माणूस दिसेल एवढी जागा सोडा."

नेट तात्यांनीच दिली. भाजीवर घालायची, जुनी. बांबू रोवताना त्यांनी विचारलं, "म्याडम, मांडव लग्नाचा हाय का मयताचा?"

मी पुढचा बांबू धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या क्रेट घेऊन कडेला थांबले. खांबाकडून टेम्पो येत होता. गनवरचा आकडा उतरत पन्नासच्या खाली आला. ड्रायव्हर समोर बघत होता. तात्यांनी पाय टाकला आणि पलीकडे पोचले.

जाळ्यांच्या मागे दोन्हीकडे रान रिकामं होतं.