नाताळच्या दुसऱ्या दिवशी

लग्न होऊन मी मॉरिशसला आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. या बेटावर सण काही संपत नाहीत. आमच्या गणपतीचं विसर्जन होतं, दिवाळी येते, ती आवरते न आवरते तोच नाताळ, आणि अधूनमधून ईद असतेच.

यंदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची मारी मागच्या पायरीवर एकटीच बसलेली दिसली. पाय सुजलेले, बाजूला खरकट्या भांड्यांचा ढीग. मी चहा घेऊन गेले.

“कसा झाला सण?”

“सगळ्यांचा छान झाला,” ती म्हणाली.

मला गौरी जेवल्यानंतरची माझी कंबर आठवली. ईदला बिर्याणी वाढून वाढून थरथरणारे पलीकडच्या झुबेदाचे हात आठवले. तिघींचे देव वेगळे. पण त्यांतल्या एकानेही आजवर आम्हाला ‘बस जरा’ म्हटलेलं नाही.

मी भांड्यांकडे वळले, तशी मारीने माझा हात धरला.

“राहू दे. आत सगळे झोपलेत. भांडी वाजली की उठतील, आणि मग नाश्ता मागतील.”

आम्ही दोघी आवाज न करता चहा पीत बसलो.