गुडघ्याखाली चार बोटं

तुमच्या घरात असं कोणी आहे का, जे केवळ 'अंगावर काय घालायचं' याचं उत्तर न मिळाल्यामुळे घराबाहेर पडायचं थांबलं, आणि तुम्ही "त्यांना आता जमत नाही" एवढं सांगून मोकळे झालात?

आमच्याकडे होते. माझे पप्पा. मी घर सोडलं त्या दिवशी ते मला निरोप द्यायला खालीसुद्धा आले नाहीत.

विठ्ठलवाडीला आमच्या चाळीपुढे टॅक्सी उभी होती. आईने डबा हातात दिला, शेजाऱ्यांनी बॅगा उचलल्या. शेजारचे सुरेशकाका नेहमीसारखे सूचना देत होते, "अगं, ग्लासगोला उतरल्यावर पहिलं स्वेटर घाल, मग फोटो टाक." अख्खी चाळ खाली उतरलेली. पप्पा मात्र वर, उंबऱ्याच्या आत, दाराचा पडदा धरून उभे. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खाली लुंगी.

"शर्ट तुझ्यासाठी घातला," ते म्हणाले. "खालचं नाही जमलं. जा आता, उशीर करू नकोस."

टॅक्सीतून मी वर बघितलं तेव्हा पडदा सरळ झालेला होता.

हे तेच पप्पा, ज्यांना पूर्वी घरात शोधायला लागायचं नाही, कारण ते घरात नसायचेच. सुट्टीच्या दिवशी ते चौकात असायचे, पत्रकं वाटत. चाळीतला बंद नळ, मोडके संडास, शाळेतली प्रवेशाची अडवणूक, कारखान्यातली हातमोज्यांची रिकामी पेटी, काही दिसलं की पप्पांचं पत्रक निघायचं. पातळ गुलाबी कागद, हाताला लागणारी शाई. मी अक्षरं शिकले ती त्या कागदांच्या घड्या घालता घालता. इतर मुलांना त्यांच्या घरी गोष्टी सांगून झोपवायचे, पप्पा मला मसुदा वाचून दाखवायचे. "पहिल्या ओळीत प्रश्न विचारायचा," ते शिकवायचे, "आणि शेवटी मागणी करायची. मागणी नसेल तर ते पत्रक नव्हे, रडगाणं."

पत्रकाइतकीच कडक त्यांची कपड्यांची शिस्त. रविवारी सकाळी जमिनीवर घोंगडी अंथरून ते स्वतः पँटींना इस्त्री करायचे. पाणी शिंपडायचं, घडी जुळवायची, आणि कमरेपासून पायापर्यंत एकच धारदार रेघ. लुंगी फक्त घरात. उंबऱ्याबाहेर नळावरसुद्धा पँट. चौकात निळ्या कोटातला पुतळा आहे. "त्याच्यासमोर लुंगीवर उभं राहायचं?" असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे नाहीत.

मग एक दिवस डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात पाइपचा जोड सुटला आणि अ‍ॅसिड त्यांच्या दोन्ही मांड्यांवर, गुडघ्यांपर्यंत उडालं. अंगावर जाड एप्रन असता तर बरंच वाचलं असतं. एप्रन द्या, या मागणीचं पत्रक पप्पांनीच काढलेलं होतं. ते वाटलंही होतं, फाटकावर.

जखमा भरल्या. कातडी मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखी राहिली. पँट घातली की मधली शिवण मांडीला घासायची आणि शंभर पावलांत फोड यायचे. सैल पँट शिवून बघितली, पायजमा बघितला. शिवण ती शिवणच. लुंगी चालत होती, पण लुंगीवर ते बाहेर पडेनात. नातेवाईक म्हणू लागले, "त्यांचं वय झालं." आई म्हणायची, "पायांचं दुखणं आहे." कुणीही असं म्हणालं नाही की या माणसाला घालायला कपडा नाही. मीही नाही. मी शिष्यवृत्ती मिळवली आणि कपड्यांचंच डिझाइन शिकायला निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, ग्लासगोचं काय? तर स्कॉटलंडमधल्या त्या शहरात शिकून मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. तिथे किल्ट शिवतात. पुढून सपाट, मागे प्लेट्सचा भरगच्च घेर, कमरेला गुंडाळायचा स्कॉटलंडच्या पुरुषांचा तो कपडा आपण लष्कराच्या बँडवाल्यांच्या अंगावर पाहिलेला असतो. पण तो लग्नाकार्याचा, जड लोकरीचा. आम्ही शिवतो तो रोजच्या वापरातला. माझी मालकीण मोइरा पन्नाशीची, तोंडात कायम टाचण्या, आणि त्या न काढताच बोलते.

तिथे दिवसभर माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवं ते ऐकणं. आजच्या पोरांना लोकर नको, मशीनमध्ये धुता येईल असं सुती कापड हवं. बेंबीवर नको, जीन्ससारखं कमरेखाली बसायला हवं. चामड्याचे पट्टे आणि बकलं नकोत, टिचबटणं चालतील. पुढे लोंबणारी पारंपरिक पिशवी नको, बाजूला खोल खिसे द्या, मोबाइल बसला पाहिजे. पट्ट्यासाठी लूप हवेत. प्लेट्स नितंबापर्यंत टीप मारून पक्क्या केलेल्या हव्यात, म्हणजे धुतल्यावर विस्कटत नाहीत. आणि कापडाला वजन हवं, कारण तिथला वारा कुणाची अब्रू बघत नाही.

एकदा बस चालवणारा एक माणूस माप द्यायला आला. त्याच्या मांडीचं मोठं ऑपरेशन झालेलं. तो सहज म्हणाला, "याला मध्ये शिवण नाही ना, म्हणून मी परत कामावर जाऊ शकलो."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. मध्ये शिवण नाही. इतकी वर्षं मी शिवणीबद्दल शिकत होते आणि पप्पांच्या पायांचा विचार मला एका परक्या ड्रायव्हरने करायला लावला.

मी त्याच आठवड्यात कापड घेतलं. उत्साह इतका की विचारलंसुद्धा नाही. अस्सल स्कॉटिश दिसायला हवं म्हणून लाल-हिरव्या चौकटी निवडल्या, आणि लांबी मोइराच्या नियमाने, बरोबर गुडघ्याच्या मध्यावर. डोंबिवलीला येणाऱ्या एका मैत्रिणीच्या बॅगेतून तो पाठवला आणि व्हिडिओ कॉलची वाट बघत बसले.

कॉल आला. पप्पा पलंगावर बसलेले, किल्ट शेजारी, घडीसुद्धा न मोडलेला.

"लुंगी पाठवलीस," ते म्हणाले.

"पप्पा, लुंगी काय? स्कॉटलंडचा किल्ट आहे तो!"

"चौकटीचं कापड कमरेला गुंडाळायचं. अख्ख्या विठ्ठलवाडीत याला लुंगी म्हणतात. तिकडे काय म्हणतात ते तिकडे."

मागून आई ओरडली, "अगं, कापड छान ऊबदार आहे. मी मिक्सरवर झाकायला घेऊ का?"

मी चिडले. म्हटलं, घालून तरी बघा, खिसे बघा, टिचबटणं बघा. मग त्यांनी किल्ट उचलला, बसल्या बसल्याच कमरेशी धरला आणि कडा गुडघ्यावर जिथे येत होती तिथे बोट ठेवलं.

"माझ्या आज्याला गावात गुडघ्याखाली नेसायला बंदी होती," ते म्हणाले. "धोतर खाली घसरलं तर वरच्या आळीतले मारायचे. माझ्या बापाने मुंबईला येऊन पहिल्या पगारात पँट शिवली. घोट्यापर्यंत. आणि तू इतकं शिकून मला परत गुडघ्यावर आणतेस?"

आज्याची ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकलेली. त्यावरच्या पत्रकांच्या घड्या मी स्वतः घातलेल्या. आणि तरी माप घेताना मला स्कॉटलंडचा नियम आठवला, आमच्या घराचा आठवला नाही.

परदेशी राहणाऱ्यांनो, आपण नेमकी हीच चूक करतो. आपण घरी वस्तू पाठवतो, तिथलं उत्तम ते पाठवतो, आणि मागे राहिलेल्यांना विचारत नाही.

मी विचारलं. "मग कसा हवा? सांगा, मी ऐकते."

त्यांनी डोळे बारीक केले. मसुदा सांगतानाचा तो चेहरा मी कित्येक वर्षांनी बघत होते. "एकरंगी. गडद निळा. चौकट अजिबात नको. गुडघ्याखाली चार बोटं, एक बोटही वर नको. पट्ट्याला लूप. उजवा खिसा पत्रकांचा गठ्ठा बसेल एवढा. आणि पेन उभं राहिलं पाहिजे, आडवं पडता कामा नये."

पत्रकांचा गठ्ठा! मी तो मुद्दा तसाच लिहून घेतला. काही बोलले असते तर त्यांनी तो मुद्दा मागे घेतला असता.

मोइराला लांबी सांगितली तेव्हा ती टाचण्यांमधून म्हणाली, "गुडघ्याखाली गेला की तो किल्ट नाही, पोरी. स्कर्ट आहे." मी तिला पप्पांच्या आज्याची गोष्ट सांगितली. तिने टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. मग म्हणाली, "तुझा बाप, तुझी लांबी."

पण या वेळी पार्सल पाठवायचं नाही असं मी ठरवलं. रजा काढून घरी आले. उल्हासनगरच्या बाजारात पप्पांसाठी गडद निळं, ड्रिल नावाचं सुती कापड आणलं. हलकं, पण झोल न येणारं. आईच्या मशीनवर बसले. पप्पा पलंगावरून लक्ष ठेवून, "खिसा अजून खोल", "तो लूप वाकडा वाटतोय". पुढच्या सपाट पदराला तिकडे एप्रन म्हणतात असं मी सांगितलं तेव्हा ते हसले. "चला, एप्रन एकदाचा मिळाला."

शिवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडून तो काढून घेतला आणि घोंगडी अंथरली. रविवार नव्हता. पाणी शिंपडलं आणि मागची एकेक प्लेट जुळवून त्यावर इस्त्री फिरवली. पँटीला एक रेघ असते. इथे रेघाच रेघा, सगळ्या धारदार, शेजारी शेजारी. शेवटची झाली तेव्हा ते आईला म्हणाले, "हे बघ. याला इस्त्री म्हणतात."

घातला. वर पांढरा शर्ट, पट्टा, पायात मोजे आणि पॉलिश केलेले बूट. आई म्हणाली, "बँडवाल्यासारखे दिसता." ते म्हणाले, "बँड नाही, मोर्चा." आणि उंबरा ओलांडला.

चाळीच्या जिन्याशी सुरेशकाका भेटले. भेटणारच होते.

"अरे बाप रे! दादा, वहिनींचा स्कर्ट घातला की काय?"

मी पुढे सरसावले, पण पप्पांनी हात आडवा केला.

"सुरेश, बाईचा कपडा म्हणून हसतोस ना? म्हणजे बाईला हसतोस. यावर उद्या पत्रक काढू का, तुझं नाव टाकून?"

"अहो, नाही ओ दादा, मस्करी केली."

"मग हे धर." पप्पांनी उजव्या खिशातून गठ्ठा काढला. पेन उभंच होतं. "अर्धी तू वाट."

पत्रक कारखान्यांतल्या एप्रनबद्दलच होतं, जुनंच, नव्याने लिहिलेलं. ते दोघं चौकात पुतळ्यासमोर उभे राहिले. काही पोरांनी मोबाइल काढले, कोणी शिट्टी मारली. पप्पांनी त्यांच्याही हातात पत्रक ठेवलं. डोंबिवलीच्या कारखान्यात जाणारा एक मुलगा थांबून म्हणाला, "काका, हे गरमीत भारी वाटत असेल ना? कुठे मिळतं?" पप्पा म्हणाले, "आधी पत्रक वाच. कपड्याचं मग सांगतो." ते तासभर उभे होते. परत आल्यावर आईने मांड्या तपासल्या. एकही फोड नव्हता.

मी परत निघाले त्या दिवशी टॅक्सी पुन्हा चाळीपुढे उभी होती. पप्पा माझ्याआधी खाली. बॅग त्यांच्या हातात, गडद निळा घेर, सगळ्या रेघा जागच्या जागी. या वेळी दारात पडदा धरायला कोणी नव्हतं.

ग्लासगोच्या माझ्या खोलीत आता त्या निळ्या ड्रिलचा उरलेला तुकडा आहे. तिथे मला लोक विचारतात, घर म्हणजे काय वाटतं तुला? पूर्वी मी आईची भाजी वगैरे सांगायचे. आता सांगते, ज्या उंबऱ्यावरून आपलं माणूस मान वर करून बाहेर पडतं, तो उंबरा म्हणजे घर. बाकी सगळ्या राहायच्या जागा. आणि असा उंबरा आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो, कधी कधी शिवावा लागतो.

म्हणून पप्पांच्या शिस्तीप्रमाणे, शेवटी मागणी.

तुमच्या घरातही कोणी पडद्याआड बसलेलं असेल. आजीला साडीचा बोजा पेलवत नसेल, काकांना प्लास्टरवर पँट चढत नसेल, बहिणीला बाळंतपणानंतर काहीच बसत नसेल. आज त्यांच्यासमोर बसा आणि एवढंच विचारा, "बाहेर पडायला काय घालावंसं वाटतं? कुठे टोचतं? लांबी किती हवी?" ते सांगतील तेच माप घ्या, स्वतःचं घुसडू नका. मग जवळच्या शिलाईच्या दुकानात जा आणि तसंच शिवून मागा. दुकानदार म्हणेल, असं कोणी घालत नाही. त्याला सांगा, विठ्ठलवाडीच्या चौकात या आणि बघा.

आणि तो कपडा तयार झाला की त्या माणसाबरोबर तुम्हीही उंबरा ओलांडा.