लाल फडक्यातली कादंबरी
कपाटातून सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला की पेडण्यातली ती संध्याकाळ आठवते. नवरा नुकताच गेला होता. दर महिन्याला एक पुस्तक वाचायचं, हा आम्ही दोघांनी केलेला संकल्प मी एकटीच पुढे नेत होते. कसरीपासून जपायला कडुलिंबाचा पाला घालून लाल फडक्यात बांधलेली जुनी कादंबरी मी सोडवली, तशी शेजारची मावशी पोथी समजून चपला काढून, हात जोडून समोर बसली. "मावशी, ही पोथी नव्हे. एकेकाळी हिच्यावर बंदी होती." "कित्याक?" "हिच्यातली बाई घर सोडून जाते म्हणून." "जावंदी. तू मोठ्यान वाच गो. महिनो झालो, ह्या घरातसून आवाज येवक नाय." दिवेलागणीपर्यंत मी वाचत राहिले. आता मावशीही नाही. तरी ओसरीचं दार उघडं ठेवून मी मोठ्यानेच वाचते.