विहिरीचं पाणी, नदीचं पाणी

आम्ही दोघी बहिणी एकाच विषयात एम.एस्सी. झालो, सूक्ष्मजीवशास्त्रात. मार्क माझे जास्त. पण मी लग्न होऊन भोकरदनला आले, कॉलेजात शिकवायला लागले. धाकटी परीक्षा देऊन सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागली. दिवाळीला माहेरी गेलं की आई येणाऱ्याजाणाऱ्याला तिचंच कौतुक सांगायची, आणि मी फराळाच्या ताटल्या आपटत बसायचे.

भोकरदनला आमच्या शेजारच्या काकांची मुलगी कुंभार पिंपळगावला दिली होती. एक दिवस ती शहागडला गोदावरीत सापडली. घाटावर पाय घसरला, असं सासरचे म्हणत होते. काकांना ते पटेना. ते माझ्याकडे आले.

“मॅडम, पोरगी नदीतच बुडाली का, हे कळतं का हो?”

मी समजावून सांगितलं. पाण्यात डायटम नावाचं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. विहिरीतलं वेगळं, नदीतलं वेगळं. माणूस जिवंतपणी बुडाला, तर ते फुप्फुसातून रक्तात शिरतं आणि हाडाच्या मगजापर्यंत जातं.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बराबर. मंग हे तुमची बहीण करती, न्हाई का?”

एवढा वेळ घसा कोरडा केला मी, आणि त्यांना हवी होती ती!

पोलिसांनी नदीचं आणि सासरच्या शेतातल्या विहिरीचं, दोन्ही पाणी तपासायला पाठवलं. काम बहिणीकडेच आलं. मगजातलं शेवाळ विहिरीतल्या शेवाळाशी जुळलं. पोरगी विहिरीत बुडाली होती. नदीत तिला नंतर नेऊन टाकलं होतं.

पोरीच्या नवऱ्यावर खुनाचा खटला उभा राहिला. जालन्याच्या कोर्टात बहिणीची साक्ष होती. काकांना सोबत हवी म्हणून मी जाते, असं घरी सांगितलं. आरोपीच्या वकिलानं विचारलं, “ती रोज त्याच विहिरीचं पाणी प्यायची. तेच हाडात गेलं नसेल कशावरून?”

बहीण थबकली. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. ती अडखळली याचं मला बरं वाटलं. शेजारी काका बसले होते, तरीही.

“प्यायलेलं पाणी पोटात जातं,” ती म्हणाली. “त्यातून एवढं शेवाळ हाडापर्यंत पोचत नाही. त्यासाठी पाणी फुप्फुसात शिरावं लागतं, आणि तेव्हा हृदय चालू असावं लागतं.”

मीही हेच सांगितलं असतं. कदाचित जास्त नीट.

पोरीच्या नवऱ्याला शिक्षा झाली. त्या दिवशी काकांनी माझ्याच मोबाईलवरून तिला फोन लावायला लावला आणि ढसाढसा रडले. मग फोन माझ्या हातात आला.

“ताई, त्या प्रश्नाला मी घाबरले होते गं. तुझ्यासारखं सोपं करून सांगता आलं पाहिजे.”

जिंकलेल्या माणसाला मोठेपणा परवडतो. मला तिचा आणखीनच राग आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात डायटम शिकवताना एका मुलीनं विचारलं, “मॅडम, अशी केस खरंच झालीय का कुठं?”

“पुढचं लिहून घ्या,” मी म्हणाले.