आर्सेसिओ उपेगी यांनी ओळख पटवलेला एकच मृत

आर्सेसिओ उपेगी सेर्ना, जन्म १९३६, मृत्यू २००४, व्यवसाय शिंपी, अविवाहित. माग्दालेना नदीकाठच्या पुएर्तो साबालेता या गावी त्यांनी एकेचाळीस वर्षे पुरुषांच्या पँटी शिवल्या. त्याच गावच्या चर्चमध्ये मी दफनांची नोंदवही ठेवीत असे; म्हणून त्यांच्या दुसऱ्या उद्योगाची हकीकत मीच नोंदवणे योग्य ठरेल.

त्या वर्षांत नदी वरच्या मुलखातून मारून टाकलेली माणसे वाहून आणी. कोळी त्यांना काठावर ओढीत, दफनभूमीच्या भिंतीतल्या कप्प्यात ती ठेवली जात आणि ओल्या सिमेंटवर ‘बेनाव’ एवढेच कोरले जाई. पुढचे काम गाव करी. ज्याला नवस बोलायचा असे तो एक बेनाव निवडी, त्याचा कप्पा रंगवी, त्याला नाव देई आणि दर सोमवारी पेलाभर पाणी ठेवी. नवस फळला, की त्या मृताची हाडे आपल्या कुटुंबाच्या कबरीत हलवून त्याला आडनावही द्यायचे, असा रिवाज होता. ज्याला कोणी नाही त्याला आपण घर देतो, अशी गावाची प्रामाणिक समजूत होती. त्याला कोणीतरी असेल, हे फक्त आर्सेसिओंच्या मनात आले.

दोन शिंप्यांचा हात कधी सारखा नसतो, असे ते म्हणत. कबरखोद्या मृतांचे कपडे जाळी. त्याआधी आर्सेसिओ पँटीची कमरपट्टी कापून घेत. १९९० च्या मे महिन्यात आलेल्या एका तरुणाच्या तपकिरी पँटीला आतून दोन बोटे कापड जादा सोडलेले होते आणि खिसे पिठाच्या पोत्याचे होते. हा हात त्यांच्या ओळखीचा नव्हता. दोरा-बटणांच्या खरेदीसाठी वरच्या गावांना जाताना ते ती पट्टी स्वतःच्या कोटाच्या अस्तरात टाचून नेत आणि तिथल्या शिंप्यांना दाखवीत. आमच्या गावात मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. ज्यांनी माणसे नदीत टाकली, त्यांचे हस्तक आमच्याच बाजारात जेवत असत. संशय नको म्हणून आर्सेसिओ त्या भिंतीकडे फिरकतही नसत.

१९९५ च्या फेब्रुवारीत, डोंगरातल्या एका खेड्यात कपडे शिवणाऱ्या ओव्हिदिया सुलुआगा यांनी पट्टी उलटून पाहिली आणि त्या हसल्या.

“अहो, ही तर माझीच शिवण! दोन बोटं मुद्दाम सोडली होती. म्हटलं, लग्न झालं की पोट सुटणार माझ्या लेकाचं, आल्बेइरोचं.” मग हसू थांबले. “तुमच्याकडे कशी ही, मास्तर?”

आर्सेसिओंनी टोपी काढली.

“गेला ना तो?”

“हो, बाई. पण नीट पुरलाय. जागा मला माहीत आहे. चला, दाखवतो.”

ती जागा आता बदलली होती, हे त्यांना माहीत नव्हते. चौथ्या दिवशी दोघे दफनभूमीत आले, तेव्हा त्या कप्प्यात दुसराच कोणी होता.

“तो होय?” कबरखोद्या एलादिओ म्हणाला. “त्याला निन्फाबाईंनी नेला की नोव्हेंबरात! नशीब काढलं लेकानं. संगमरवरी पाटी आहे.”

निन्फा आर्बेलाएस यांची बाजारात खाणावळ होती. त्यांची मुलगी बसमधून पळवली गेली होती आणि अकरा महिन्यांनी जिवंत परतली होती. नवस याच बेनावाला बोललेला होता. त्याला एकटे वाटू नये म्हणून निन्फाबाईंनी त्याची हाडे आपल्या दिवंगत पतीच्याच पेटीत, पतीच्या हाडांत मिसळून ठेवली होती. पाटीवर पतीच्या नावाखाली त्याला दिलेले नाव होते ‘साल्वादोर आर्बेलाएस’. त्या स्थलांतराची नोंद माझ्याच हस्ताक्षरात आहे.

“चार वर्षं दर सोमवारी पाणी मी ठेवलं,” निन्फाबाई ओव्हिदियांना म्हणाल्या. “तेव्हा कुठं होतात हो तुम्ही?”

“शोधत होते. प्रत्येक चौकीत बसून आले.”

“माझी पोर आणून दिलीय त्यानं. त्याला हलवला आणि तिला पुन्हा नेली तर? तुम्ही येणार सोडवायला?”

“नका देऊ, ताई. पाटीवर खाली त्याचं खरं नाव तेवढं घाला. आल्बेइरो. मी स्वतः कोरून आणते.”

“माझ्या नवऱ्याच्या पाटीवर? मुळीच नाही.” मग त्या आर्सेसिओंकडे वळल्या. “आणि तुम्ही, मास्तर! चार वर्षं माझ्याच बाकावर बसून माझं मासळीचं सूप ओरपलंत. एक अक्षर बोलला असतात, तर हात लावला असता का मी त्याला?”

“बोललो असतो तर मीच नदीत असतो.”

“मग आता कशाला उघडलंत तोंड?”

आर्सेसिओंनी पट्टीची घडी करून ती ओव्हिदियांच्या हातात दिली. मी त्यांच्या जवळच उभा होतो.

सरकारी अधिकाऱ्याने ओव्हिदियांना दहा मिनिटे दिली. चिंधी हा पुरावा नव्हे आणि दोघांची हाडे असलेली पेटी कुटुंबाच्या संमतीविना उघडता येत नाही, असे त्याने सांगितले. पावसामुळे रस्ता बंद होण्याआधी त्या परत गेल्या.

त्यानंतर ज्यांनी ज्यांनी भिंतीतला मृत निवडला होता, त्यांना आर्सेसिओंची धास्ती वाटू लागली. आपल्या मृताचेही कोणी येईल, या भीतीने लोक शिवण दुसरीकडे देऊ लागले. एलादिओ कपडे लगेच जाळू लागला. पुढील नऊ वर्षांत आर्सेसिओंनी कोणाचीही ओळख शोधली नाही. माझ्याशी तर ते या विषयावर पुन्हा बोललेच नाहीत.

ते गेल्यावर शिलाईयंत्र त्यांच्या भाच्याने नेले. पाटी बदललेली नाही. मे १९९० च्या त्या नोंदीसमोर आल्बेइरोचे नाव समासात लिहावे, असा ओव्हिदियांचा अर्ज १९९५ पासून माझ्याकडे होता. तेवढे लिहायला कोणाचीही संमती लागत नव्हती. लेखनिकाची सही पुरेशी होती. निन्फाबाईंच्या खाणावळीत मीही जेवत असे. २००७ साली मी निवृत्त झालो, तेव्हा तो अर्ज वहीसोबत पुढच्या लेखनिकाच्या हवाली केला. सही करायची राहिली आहे.